टिपणे : लिहावीत कशी, वापरावीत कशी

(प्रतिनिधी)

जून उजाडला की शालेय साहित्याच्या दुकानांपुढे गर्दी लोटते. दोनशे पानी वह्या डझनाच्या हिशेबाने घरी येतात, त्यांना कव्हरे चढतात आणि पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात नाव पडते. पुढे वर्षभर त्या वह्या नेमाने भरल्याही जातात. परीक्षा तोंडावर आली, की मात्र तोच विद्यार्थी स्वतःच्या वह्या बाजूला सारून वर्गातल्या हुशार मुलाच्या नोट्सची झेरॉक्स शोधत फिरताना दिसतो. ज्या वहीवर वर्षाचे शेकडो तास खर्ची पडले, ती ऐन वेळी उपयोगी का पडू नये? या प्रश्नाचे उत्तर बहुधा विद्यार्थ्याच्या बुद्धीत नसते. टिपण कशासाठी काढायचे, हे त्याला कुणी शिवकलेले नसते, एवढेच.

आपल्याकडे अक्षर कसे काढावे, समास कसा आखावा, शीर्षक कुठे लिहावे, हे पहिलीपासून शिकवले जाते. टिपण काढण्याची विद्या मात्र विद्यार्थ्याने स्वतःच उचलावी, असे गृहीत धरले जाते. दहावीपर्यंत फळ्यावरचे उतरवून घेणे पुरते. अकरावीत किंवा महाविद्यालयात प्राध्यापक बोलू लागतात, फळा बराच वेळ कोरा राहतो आणि तिथे सवयीचा घोटाळा होतो.

टिपणाची दोन कामे

टिपणाला दोन कामे असतात. एक, ऐकलेले अगर वाचलेले पुढे पाहता यावे म्हणून साठवणे. दोन, लिहीत असतानाच विषय समजून घेणे. फ्रान्सिस डाय व्हेस्टा आणि सुसान ग्रे या संशोधकांनी १९७२ मध्ये या दोन कामांचा स्वतंत्रपणे विचार मांडला. त्यानंतर या विषयावर झालेला बराचसा अभ्यास याच विभागणीवर उभा आहे.

बहुतेक विद्यार्थी पहिल्या कामालाच सर्वस्व मानतात. त्यामुळे वही म्हणजे कोठार ठरते आणि कोठार जितके भरलेले तितके चांगले, अशी समजूत होते. पण साठवणीचे काम पाठ्यपुस्तक, संदर्भग्रंथ आणि आता मोबाइलमधील ध्वनिमुद्रणही वहीपेक्षा चोख करते. वहीचे खरे मोल दुसऱ्या कामात आहे. ऐकलेल्या दहा वाक्यांतून कोणते एक लिहायचे, हे ठरवताना जो विचार करावा लागतो, तोच अभ्यास होय. आणि हे लिहिलेले पुढे पुस्तक मिटून आठवण्यासाठी वापरले नाही, तर साठवणीचाही उपयोग राहत नाही.

शब्दन् शब्द का लिहू नये

सर्वसाधारण बोलण्याचा वेग मिनिटाला शंभर शब्दांच्या पुढे सहज जातो. हाताने लिहिण्याचा वेग त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास असतो. लघुलेखनाच्या परीक्षेत मिनिटाला शंभर शब्द गाठण्यासाठी उमेदवार महिनोन् महिने सराव करतात, आणि तेही खुणांच्या खास लिपीत. तेव्हा सामान्य विद्यार्थ्याने प्राध्यापकांचे प्रत्येक वाक्य टिपण्याचा प्रयत्न केला, तर हात मागे पडणार आणि कान बंद होणार, हे उघड आहे.

म्हणून तासाला बसण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे त्या दिवसाच्या धड्यावरून नजर फिरवावी. काय पुस्तकात आहे हे ठाऊक असले, की ते पुन्हा लिहिण्याची गरज उरत नाही. मग लक्ष राहते ते पुस्तकात नसलेल्या गोष्टींकडे : शिक्षकांनी दिलेले उदाहरण, दोन संकल्पनांतला फरक, ‘याचे कारण असे की’ अशा शब्दांनी सुरू होणारे विवेचन, फळ्यावरील आकृती आणि विद्यार्थ्यांच्या शंकांना मिळालेली उत्तरे. व्याख्या, सूत्रे, सनावळ्या आणि संज्ञा मात्र जशाच्या तशा लिहाव्यात. तिथे स्वतःचे शब्द चालत नाहीत. एखादा मुद्दा निसटला, तर शेजाऱ्याच्या वहीत डोकावण्याऐवजी दोन ओळी कोऱ्या सोडून पुढे जावे. तास संपल्यावर ती जागा भरता येते.

संक्षेप जरूर वापरावेत. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘वाढ’, ‘घट’ यांसाठी बाण पुरेसे असतात. मात्र आपल्या संक्षेपांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवावी आणि ती वर्षभर बदलू नये. जूनमधला ‘सं.’ संविधान आणि ऑक्टोबरमधला ‘सं.’ संसद असेल, तर मार्चमध्ये दोन्हींचा अर्थ लागत नाही.

पानाची आखणी

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांना अभ्यासकौशल्ये शिकवणाऱ्या वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात पानाच्या आखणीची एक पद्धत रूढ केली. ‘कॉर्नेल पद्धत’ या नावाने ती आज जगभर ओळखली जाते. तिला वेगळे साहित्य लागत नाही. पट्टी आणि पेन्सिल पुरते.

पानाच्या डाव्या बाजूस सुमारे सहा सेंटिमीटर सोडून उभी रेघ मारावी. तळाशी चार बोटे जागा सोडून आडवी रेघ मारावी. पानाचे असे तीन भाग होतात. उजवीकडचा मोठा भाग तासाच्या वेळी भरायचा. डावीकडचा अरुंद रकाना आणि तळाची पट्टी तेव्हा कोरीच ठेवायची. हे दोन भाग नंतर, घरी, भरायचे असतात आणि या पद्धतीचे मर्म तिथेच आहे.

उदाहरणादाखल अकरावीच्या भूगोलाचा तास घेऊ. विषय आहे प्रतिरोध पाऊस. उजव्या भागात विद्यार्थ्याने लिहिले :

‘नैऋत्य मोसमी वारे, अरबी समुद्रावरून, बाष्प भरपूर → सह्याद्री आडवा → हवा वर चढते → थंड → सांद्रीभवन → पश्चिमेस जोरदार पाऊस. पूर्वेस हवा खाली उतरते → तापते → पाऊस कमी = पर्जन्यछाया. उदा. सातारा जिल्हा : महाबळेश्वर ५००० मि.मी.हून जास्त, माण तालुका ५०० मि.मी.च्या आसपास.’

संध्याकाळी वही उघडून डाव्या रकान्यात त्याने प्रश्न लिहायचे. पहिला प्रश्न : एकाच जिल्ह्यात पावसाचे प्रमाण दहापट कमी-अधिक का? याचे उत्तर उजवीकडे आहे. दुसरा प्रश्न : पर्जन्यछाया डोंगराच्या कोणत्या बाजूस आणि का? हेही आहे. तिसरा प्रश्न : हवा वर चढली की थंड का होते? इथे मात्र विद्यार्थी अडखळतो. उजवीकडे नुसता बाण आहे, कारण नाही. वर्गात ते समजल्यासारखे वाटले होते. प्रश्न विचारल्यावर कळले की समजले नव्हते. आता पुस्तक उघडायचे आणि शोधायचे. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे वर चढणारी हवा प्रसरण पावते आणि प्रसरण पावताना थंड होते. हे एक वाक्य वेगळ्या शाईने त्या बाणाशेजारी आले, की टिपण पुरे झाले.

तळाच्या पट्टीत दोन ओळींत सार लिहावे : ‘सह्याद्री वारे अडवून वर चढवतो म्हणून पश्चिमेस पाऊस, उतरणारी हवा तापते म्हणून पूर्वेस टंचाई.’ हे सार उजवीकडे न बघता लिहिता आले पाहिजे. लिहिता येत नसेल, तर त्या पानाचा अभ्यास अजून व्हायचा आहे, असे समजावे.

पहिले चोवीस तास

ही डावी बाजू त्याच दिवशी का भरायची? जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये विस्मरणाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्थहीन अक्षरगट पाठ करायचे आणि ठरावीक काळाने तेच पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात ते मोजायचे, अशी त्यांची रीत होती. एका दिवसानंतर मूळ श्रमांपैकी जेमतेम एक तृतीयांश श्रम वाचतात, असे त्यांना दिसले. मात्र त्यानंतरची घसरण मंद होती. महिन्यानंतरही सुमारे एक पंचमांश श्रम वाचत होते. अर्थपूर्ण मजकूर अर्थहीन अक्षरांपेक्षा अधिक टिकतो हे खरे. पण विसरण्याचा सर्वांत तीव्र उतार पहिल्याच दिवशी असतो, ही बाब विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

बातमीदाराला हा धडा रोजच मिळतो. पत्रकार परिषदेत घाईघाईने खरडलेली वही त्याच संध्याकाळी वाचली, तर अर्धवट शब्दांतूनही पूर्ण वाक्य उभे राहते. दुसऱ्या दिवशी त्याच पानावरचा आकडा लाखांत होता की कोटींत, असा प्रश्न पडतो. विद्यार्थ्याच्या वहीचेही तसेच आहे. तासाला पंधरा मिनिटे या हिशेबाने संध्याकाळी तासभर दिला, तर चार विषयांची पाने मार्गी लागतात. रविवारवर ढकललेले काम मात्र नुसत्या उतरवण्याचे होऊन बसते.

याच ठिकाणी आणखी एक सवय तपासली पाहिजे. कच्च्या वहीतून पक्क्या वहीत सुंदर अक्षरात उतरवून काढणे हा आपल्याकडे अभ्यासच मानला जातो. उतरवताना मजकुरात काही बदल होत नसेल, क्रम लावला जात नसेल, गाळले जात नसेल, तर तो केवळ सुलेखनाचा सराव ठरतो. तोच वेळ डाव्या रकान्यातील प्रश्नांना दिला, तर अधिक हाती लागते.

वाचू नये, आठवावे

परीक्षेआधी बहुतेक विद्यार्थी टिपणे पुन्हा पुन्हा वाचतात आणि रंगीत पेनांनी ओळी रंगवतात. तिसऱ्या वाचनाला मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे, असा भ्रम होतो. परीक्षेत मात्र समोर प्रश्न असतो, मजकूर नसतो.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्याने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचण्यांत मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात ओळी रंगवणे आणि नुसते पुनर्वाचन यांना कमी उपयुक्त ठरवले, तर स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांत विभागणे या दोन पद्धतींना सर्वाधिक उपयुक्त मानले.

आखलेले पान इथे कामास येते. उजवा भाग कागदाने झाकावा, डावीकडचा प्रश्न वाचावा आणि उत्तर मोठ्याने बोलावे किंवा पाठकोऱ्या कागदावर लिहावे. मग झाकण काढून ताडून पाहावे. चुकले तिथे प्रश्नाशेजारी ठिपका द्यावा. ही उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने करावी. पुढच्या खेपेस ठिपक्यांच्या प्रश्नांपासून सुरुवात करावी.

व्याख्या, सनावळ्या, कलमे, रासायनिक समीकरणे अशा सुट्या गोष्टींसाठी जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सांगितलेली खोक्याची पद्धत सोयीची आहे. पत्त्याएवढ्या कार्डाच्या एका बाजूस प्रश्न, दुसरीस उत्तर लिहायचे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूही चालतात. खोक्यात कप्पे करायचे. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि तो कप्पा अधिक दिवसांनी उघडायचा असतो. चुकले की कार्ड पहिल्या कप्प्यात परत येते. जे येते त्यावर वेळ वाया जात नाही आणि जे येत नाही ते नजरेआड होत नाही.

पुस्तकातून टिपणे

पुस्तकातून टिपणे काढताना घाई नसते, हाच धोका असतो. वाचता वाचता लिहू लागले, की सारेच महत्त्वाचे वाटते आणि प्रकरणाएवढेच टिपण तयार होते. त्यापेक्षा एक उपविभाग पूर्ण वाचावा, पुस्तक मिटावे, काय वाचले ते चार-पाच मुद्द्यांत लिहावे आणि मग पुस्तक उघडून दुरुस्त करावे. प्रत्येक टिपणावर पुस्तकाचे नाव, आवृत्ती आणि पृष्ठ क्रमांक टाकणे ही सक्तीच मानावी.

संदर्भाची ही शिस्त काय साधते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृत शब्दकोशाचा प्रकल्प सुरू झाला. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द टिपून जवळपास एक कोटी टिपणपत्रे तयार झाली. ज्यांनी ती लिहिली त्यांच्या नंतरच्या पिढ्या आज त्यांवर काम करू शकतात, कारण शब्द कोणत्या ग्रंथात कुठे आला, हे पत्रावर नोंदलेले आहे. विद्यार्थ्याच्या टिपणांना एवढे दीर्घायुष्य नको असले, तरी सहा महिन्यांनी ‘हे कुठे वाचले होते’ असा प्रश्न पडू नये, इतके तरी हवेच.

गणित आणि विज्ञानाच्या टिपणांत उत्तरापेक्षा पायरी महत्त्वाची असते. कागद महाग म्हणून श्रीनिवास रामानुजन पाटीवर आकडेमोड करीत आणि वहीत बहुधा निष्कर्षच नोंदवीत. त्या वह्यांतील तीन हजारांहून अधिक निष्कर्षांच्या सिद्धता देणारे ब्रूस बर्न्ट यांचे पाच खंड पूर्ण व्हायला १९८५ ते १९९८ एवढा काळ लागला. रामानुजन यांना ते शोभले. आपण प्रत्येक पायरीशेजारी ‘हे कोणत्या नियमाने’ एवढे लिहावे. सोडवलेल्या उदाहरणाखाली तशाच प्रकारचे एक उदाहरण न सोडवता उतरवून ठेवावे आणि आठवड्याने सोडवून पाहावे.

लेखणी की लॅपटॉप?

हा वाद आता घरोघरी आहे. पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांच्या २०१४ मधील प्रयोगांत लॅपटॉपवर टिपणे घेणाऱ्यांनी अधिक शब्द लिहिले, पण बरेचसे जसेच्या तसे. आणि संकल्पनांवरील प्रश्नांत ते मागे पडले. ‘हातानेच लिहा’ असा निष्कर्ष तेव्हा सर्वत्र गाजला. मात्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनर्प्रयोगात जसेच्या तसे लिहिण्याचा फरक दिसला, तरी गुणांमधला ठळक फरक आढळला नाही. तेव्हा दोष यंत्राला देण्याऐवजी सवयीला द्यावा. जो कळफलकावरही निवडून लिहितो, त्याचे बिघडत नाही. एक व्यावहारिक मुद्दा मात्र उरतो : आपल्याकडच्या बहुतेक लेखी परीक्षा आजही हातानेच लिहायच्या असतात आणि तीन तास लिहिण्याचा सराव हाताला हवा.

ध्वनिमुद्रण, फळ्याचे फोटो आणि मोबाइलवर फिरणाऱ्या पीडीएफ यांचेही असेच आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने आता व्याख्यानाचे सारही काढून देतात. गैरहजर राहिलेल्या दिवसासाठी त्यांचा उपयोग करावा. पण ते सार काढण्याचा विचार विद्यार्थ्याने केलेला नसतो आणि त्यात चूक असेल, तर ती ओळखण्याइतका विषय त्याला आधी यावा लागतो.

दुसऱ्याच्या नोट्स

परक्या टिपणांचा धोका प्रस्तुत प्रतिनिधीने पत्रकारितेच्या पदविकेच्या वर्षी अनुभवला आहे. वृत्तपत्रविषयक कायद्यांच्या पेपरला आम्ही सहा जणांनी एका ज्येष्ठ विद्यार्थ्याच्या नोट्सची झेरॉक्स काढली होती. अभिव्यक्ती स्वातंत्र्यावरील वाजवी निर्बंध संविधानाच्या अनुच्छेद १९(२) मध्ये आहेत. त्या नोट्समध्ये १९(१) लिहिले होते. सहाही उत्तरपत्रिकांत तीच चूक गेली. संविधानाची प्रत ग्रंथालयात होती. ती उघडावी, असे एकालाही वाटले नाही, कारण नोट्सचे अक्षर फार सुंदर होते.

स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांना हे अधिक लागू पडते. पुण्याच्या सदाशिव पेठेतील झेरॉक्सच्या दुकानांत तयार नोट्सचे गठ्ठे सहज मिळतात आणि खोलीवर ते साचत जातात. पण केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत तीन तासांत प्रत्येकी वीस उत्तरे लिहावी लागतात. म्हणजे एका उत्तराला सरासरी नऊ मिनिटे. राज्यसेवा मुख्य परीक्षेलाही २०२५ पासून वर्णनात्मक स्वरूप लागू करण्याचा निर्णय झाला. नऊ मिनिटांत ज्यावरून उत्तर उभे राहील असे टिपण एका पानाचे असते आणि ते स्वतःच काढावे लागते. तयार नोट्स घ्यायच्याच असतील, तर स्वतःचे पान लिहून झाल्यावर, काय सुटले हे ताडण्यासाठी घ्याव्यात.

घरच्या मंडळींनाही यात हातभार लावता येतो. वही पूर्ण आहे का, असे विचारण्याऐवजी डाव्या रकान्यातले दोन प्रश्न विचारावेत. विषय स्वतःला येत नसला, तरी उत्तर समोर लिहिलेलेच असते. मूल अडखळले तर रागावू नये. परीक्षेत सुटणारा प्रश्न घरीच सापडला, असे समजावे.

थोडक्यात

- तासापूर्वी दहा मिनिटे धडा चाळावा; पुस्तकात आहे ते पुन्हा लिहू नये.
- व्याख्या, सूत्रे आणि सनावळ्या जशाच्या तशा; बाकी सारे स्वतःच्या शब्दांत.
- पानाचा डावा रकाना आणि तळ कोरा ठेवावा. त्याच दिवशी प्रश्न आणि सार लिहावे.
- उजळणी वाचून नव्हे, झाकून आणि आठवून करावी : दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने.
- प्रत्येक टिपणावर दिनांक, विषय आणि पृष्ठ क्रमांक असावा.
- परीक्षेपूर्वी प्रत्येक प्रकरणाचे टिपण एका पानावर आणावे आणि ते न पाहता लिहून पाहावे.